पाझर तलावाच्या पोटातला कागद

मित्रांनो, मी एक जुना पाझर तलाव आहे, आणि स्वस्थ बसणे माझ्या स्वभावात नाही. पाथर्डी तालुक्यात डोंगराच्या पायथ्याशी मी पसरलो आहे. पावसाळ्यात काठोकाठ भरतो आणि भरलो की मला निघायची घाई होते. माझ्या तळाशी मुरूम आहे. त्यातून माझे पाणी खाली झिरपते, काळ्या खडकाच्या भेगांतून वाट काढते आणि बांधाखालच्या विहिरींत जाऊन निघते. हा प्रवास माणसांना दिसत नाही. त्यांना दिसते ते एवढेच, की दिवाळी सरली आणि तलाव रिकामा!

बहात्तरच्या दुष्काळात माझा जन्म झाला. गावातल्या बायामाणसांनी डोक्यावर पाट्या वाहून माझा बांध घातला. त्यात परकर-पोलक्यातली लंकाबाईही होती. पुढच्या वर्षी खालच्या विहिरी उन्हाळ्यापर्यंत टिकल्या, तेव्हा माझ्यापुढे नारळ फुटला होता. मग लोक विसरले. शेजारच्या गावची माणसे मला ‘गळकं मडकं’ म्हणू लागली. खरे सांगतो, ते मला फार झोंबायचे.

सरपंच कानिफनाथांनाही झोंबले. त्यांनी स्वतःच्या शेततळ्यात प्लास्टिकचा जाड कागद अंथरला होता. ते सगळ्यांना सांगत सुटले, “माज्या तळ्यातनं थेंब जात न्हाई. मग गावच्या तळ्यानं काय घोडं मारलंय?” गावाला पटले. गेल्या उन्हाळ्यात माझ्याही पोटात काळा कागद आला.

पाऊस झाला, मी भरलो. दिवाळी झाली तरी भरलेलाच! लोक बांधावर येऊन फोटो काढू लागले. सगळे माझे कौतुक करत होते आणि माझा जीव मात्र घुसमटत होता. पाणी तळाशी जाई, कागदाला धडके आणि परत फिरे. मुरूम अगदी खाली होता, पण त्याची भेट नाही. वरून ऊन रोज माझे पाणी वाफ करून उचलून नेई. साचून साचून मी हिरवा पडलो, तरी लोक म्हणत, काय छान रंग आलाय!

बांधाखाली सत्यशीलाची विहीर आहे. दरवर्षी दसरा झाला की ती नवऱ्याबरोबर कोपरगावकडे ऊसतोडीला जायची. यंदा मुलगी निकिता दहावीला, म्हणून ती मागे राहिली. विहिरीच्या भरवशावर तिने कांदा लावला, आणि विहीरच आटली. कानिफनाथ म्हणाले, “झरा मेला आसंल. खोल घ्या.” खोल घेतली, तर कोरडा दगड लागला. शेवटी तिने मुकादमाला निरोप धाडला, की पौर्णिमेनंतरच्या ट्रकमध्ये आम्हा मायलेकींची जागा धर. तिच्या ओट्यावर बांधलेले गाठोडे मला दिसे. निकिता त्यालाच टेकून अभ्यास करी. माझ्याकडे पाणी होते, तिच्या विहिरीत नव्हते, आणि मध्ये होता एक कागद. हे मी कोणाला सांगणार?

माझी सुटका केली ती लंकाबाईच्या म्हशींनी. म्हातारीला बांधावर डुलकी लागली होती. म्हशी पाण्यात उतरल्या, निसरड्या कागदावर घसरल्या आणि वर येण्यासाठी खुरांनी अशा काही धडपडल्या, की कागद टरकन फाटत पार पोटापर्यंत गेला. कानिफनाथ ओरडत आले.

“मावशी, पार वाटुळं केलं तुमच्या म्हशींनी!”

“म्हशीला कागुद कळतो व्हय रं?” लंकाबाई म्हणाली. “तिला बसाया चिखूल लागतो.”

भांडण वर चालले होते. मी मात्र मुरमात शिरलो होतो! भेगाभेगांतून धावत होतो. इतक्या महिन्यांनी मला मोकळा श्वास मिळाला होता.

हळूहळू पाणी ओसरले आणि फाटलेली जागा उघडी पडली. लगेच कानिफनाथ ठिगळ घेऊन हजर. ते खाली वाकले, तेवढ्यात डोक्यावर भरलेला हंडा घेऊन सत्यशीला बांधावर आली.

“सरपंच, थांबा! हिरीला पानी आलंय.”

“आपसूक?”

“म्हशींनी कागद फाडला, तवापासनं चढतंय. तुमीच बगा येऊन.”

ते गेले आणि विहिरीत वाकून बराच वेळ पाहत राहिले. परत आले तेव्हा चेहरा उतरला होता. लंकाबाईजवळ बसून ते म्हणाले, “मावशी, मी पानी अडवलं न्हाई. कोंडलं.”

दुसऱ्या दिवशी गाव कागद ओढायला उतरले. पहिले टोक कानिफनाथांनीच धरले.

पौर्णिमेनंतर मुकादमाचा ट्रक आला. ड्रायव्हरने पुन्हा पुन्हा हॉर्न वाजवला. सत्यशीला कांद्याला पाणी देत होती. तिने वाफ्यातूनच हात हलवून नाही म्हटले. ट्रक धुरळा उडवत निघून गेला.

मित्रांनो, माझ्या तळाशी गाळ साचला तर तो जरूर काढा, पण माझा तळ बंद करू नका. ट्रक गेला त्या दिवशी मी जवळजवळ रिकामा होतो. मला गळका म्हणायचे तर खुशाल म्हणा. फक्त त्याआधी बांध उतरून खाली जा आणि विहिरीत डोकावून या.