उजव्या खिशातली ऊब

मित्रांनो, मी एक जुना लोकरी कोट आहे आणि मी मस्कतला राहतो. हसलात ना? हसा, मला सवय आहे. जिथे उन्हाळ्यात नळाला पाणीसुद्धा उकळतं येतं, तिथे जाडजूड लोकरी कोटाचं काय काम, असं मला पाहणारा प्रत्येकजण म्हणतो. पण माझं काम होतं, अजूनही आहे. तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म एका फसलेल्या धंद्यातून झाला. रत्नागिरीचे मुनीरभाई इथे मस्कतच्या रुवी बाजारात कापडाचा व्यापार करायचे. एकदा त्यांनी बंदरातल्या लिलावात काही गठ्ठे न उघडताच घेतले. सुती कापड असेल, असा त्यांचा अंदाज. एका गठ्ठ्यातून निघाली गर्द हिरवी लोकर! अख्ख्या बाजाराने त्यांची टर उडवली. "अर्बाब, अहो शेठ, आता वाळवंटात शेकोट्या पण विका!" असं शेजारचा दुकानदार येता-जाता म्हणायचा. मुनीरभाईंनी ती लोकर जुनैद शिंप्याकडे दिली आणि त्याने आपल्या आयुष्यातला पहिला आणि शेवटचा लोकरी कोट शिवला, तो मी. माझे खांदे थोडे रुंद झाले आणि खिसे तर पिशवीएवढे खोल. पण टाका असा घट्ट की आजवर एकही शिवण उसवलेली नाही. ही बढाई नाही, कुणीही तपासून पाहावं.

मुनीरभाई मला घालून एकदाच परदेशी गेले. त्यानंतर मी दार्सैत भागातल्या त्यांच्या इमारतीचा कोट झालो. कुणाला दिल्लीला हिवाळ्यात लग्नाला जायचं असो, कुणाला लंडनला बहिणीकडे, मुनीरभाईंच्या बायकोकडे, म्हणजे गुलबानूकडे, माणसं यायची. "भाभी, कोट मिळेल का?" त्या कधीच नाही म्हणाल्या नाहीत. द्यायच्या आधी मला लोबानाची धुरी द्यायच्या. निखाऱ्यावर लोबान टाकायचा आणि मला वर धरायचं. तो वास माझ्या अस्तरात इतका मुरला आहे की मी कुठेही गेलो तरी मस्कतचाच वाटतो.

आमच्या इमारतीत एक रीत होती. शेजारणीचा डबा जसा कधी रिकामा परत करत नाहीत, तसा मलाही कुणी रिकाम्या खिशाने परत करायचं नाही. परत येताना माझ्या खिशात काहीतरी असायचंच. कधी चॉकलेट, कधी बर्फाच्या डोंगराचं चित्र असलेलं चुंबक, एकदा तर नुसता एक गुळगुळीत दगड. खिशात हात घालून ती वस्तू काढली की मी परत आलो असं मानायचं. तोवर प्रवास चालू. इमारतीतली सगळी मुलं ही रीत शिकत वाढली. अंतराही.

अंतरा दुसऱ्या मजल्यावरच्या मधु आणि रेखाची मुलगी. मधु रुसैलच्या एका कारखान्यात मॅनेजर. अंतराला इटलीत पादोवा नावाच्या गावी शिकायला जागा मिळाली, तेव्हा रेखा सगळ्यात आधी कशासाठी धावली असेल? माझ्यासाठी. "भाभी, दोन वर्षांसाठी हवाय हो." गुलबानू म्हणाल्या, "ने गो, पोरीच्या अंगाला लागेल." मी एवढ्या लांबच्या मुक्कामाला कधीच गेलो नव्हतो. मनातून मी फुगलो होतो, हे कबूल करतो.

मित्रांनो, पादोवा मला आवडलं. तिथल्या रस्त्यांना दोन्ही बाजूंनी कमानी आहेत. पाऊस आला तरी माणूस गावभर कोरडा हिंडू शकतो. हिवाळ्यात धुकं असं उतरतं की सायकलवरून जाणाऱ्याचा दिवा तेवढा दिसतो, माणूस दिसत नाही. अंतरा जुन्या इमारतीत तीन मुलींबरोबर राहायची. तिथे हीटर ठरलेल्या वेळीच चालू व्हायचा. म्हणून ती घरातही मला घालून अभ्यास करायची, मला घालूनच खिचडी ढवळायची. माझ्या बाहीवर हळदीचा एक डाग आहे, तो तिथला. तिथल्या परीक्षा तोंडी. प्राध्यापक समोर बसून विचारणार आणि आपण बोलायचं. पहिल्या परीक्षेला तिने घाबरून माझं मधलं बटण इतकं पिळलं की ते हातात आलं. पास झाली, मग बाहेर पायरीवर बसून हसत हसत तिने ते शिवलं. तेवढा एक टाका जुनैदचा नाही. तो वेडावाकडा आहे, पण मला जपून ठेवावासा वाटतो.

सुट्टी लागली की आम्ही हिंडायचो. स्वस्तातली, प्रत्येक स्टेशनावर थांबणारी गाडी आणि जेवणाच्या डब्यात पराठे. व्हेनिसला भरतीचं पाणी रस्त्यावर आलं होतं, त्यातून चाललो. त्रिएस्तेला समुद्रावरून असा वारा सुटला की तिने दिव्याच्या खांबाला मिठी मारली. नेपल्सला भर रस्त्यात भांडणारी माणसं बघून ती म्हणाली, "अरे, ही तर आपली रुवी!" गाडीत बसली की घरी व्हिडिओ कॉल. पलीकडून रेखाचा पहिला प्रश्न ठरलेला: "कोट घातलास का?" आणि अंतराचं उत्तरही ठरलेलं: "हो गं आई, झोपताना पण कोटच!" घरची आठवण आली की ती माझ्या कॉलरमध्ये नाक खुपसायची. लोबानाचा वास अजून होता.

खालच्या मजल्यावर लीना नावाच्या आजी राहायच्या. एका शरदात त्यांनी झाडाखाली पडलेल्या दोन बिया वेचून माझ्या खिशांत टाकल्या, डाव्यात एक आणि उजव्यात एक. जंगली चेस्टनट नावाच्या झाडाच्या होत्या त्या, तपकिरी आणि चकचकीत. खायच्या नव्हेत. तिकडच्या जुन्या बायका म्हणतात की ही बी खिशात असली की हिवाळाभर थंडी बाधत नाही. अंतराने लगेच मैत्रिणीला, गुलबानूच्या धाकट्या लेकीला, फोनवर आवाजात निरोप पाठवला: "अफशा, तू पुढे इथेच येणार ना, मग कोट तुलाच मिळणार. डाव्या खिशातली तुझी, उजव्यातली माझी. आईला सांगू नकोस, सरप्राइज आहे." मी ते ऐकलं. माझ्या पोटातच तर होत्या दोघी.

मग मार्चमधला तो दिवस आला. सकाळी लख्ख ऊन पडलं होतं. अंतराने मला दारामागच्या खुंटीवर अडकवलं, पहिल्यांदाच. निघाली, आणि दारातून परत आली. उजव्या खिशात हात घातला, आपली बी काढून जीन्सच्या खिशात टाकली, आणि मला थोपटून म्हणाली, "चल, येते." दुपारनंतर पाऊस आला आणि हवा एकदम गार झाली. ओल्या वळणावर तिची सायकल ट्रकपुढे घसरली.

हे मला नंतर, खोलीतल्या मुलींच्या रडण्यातून कळलं. तोवर मी खुंटीवर वाट पाहत होतो. जिन्यात पाऊल वाजलं की माझ्या बाह्या ताठ व्हायच्या. ती 'येते' म्हणाली होती ना.

मधु आला. तिचा देह घेऊन पुण्याला, आपल्या गावी, गेला, सगळं उरकून मग मला हातावर टाकून मस्कतला परतला. दारात रेखा उभी होती, पुण्याला जायचं बळ तिला झालं नव्हतं. तिने आधी मधुकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे हा तिच्या अंगावर नव्हता?"

मधुने मला तिच्या हातात दिलं.

"पाऊस होता म्हणालात ना तुम्ही? अहो, तिला थंडी वाजली असेल."

त्या दिवसापासून रेखाने मला अंतराच्या खोलीत टांगलं आणि त्या खोलीचा एसी सगळ्यात खाली आणून ठेवला. तो गेल्या आठवड्यापर्यंत बंद झाला नव्हता. बाहेर रस्ता तापून निघायचा आणि आमच्या खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळायचं. विचारलं तर ती सांगायची, लोकर आहे, उकाड्यात खराब होते. खरं कारण एकदा तिने मधुला सांगितलं, "ती तिथे गारठली, मी इथे उबेत कशी बसू?" रोज संध्याकाळी ती साध्या सुती साडीत येऊन पलंगाच्या कडेवर बसायची. ओठ निळे पडेपर्यंत बसायची. मधु शाल आणून खांद्यावर टाकायचा, ती काढून ठेवायची. काचेच्या पाण्यामुळे शेजारपाजारी कुजबुजत, त्या खोलीत कुणीतरी राहतं.

माझ्या खिशाला मात्र तिने कधी हात लावला नाही. डावा खिसा फुगलेला तिला दिसत होता. अंतरा आमच्या इमारतीत वाढलेली पोर, ती रीत विसरणार नाही, हे आईला पक्कं ठाऊक होतं. पण ती वस्तू बाहेर काढली की कोट परत आला. प्रवास संपला. म्हणून ती झटकायची, ब्रश फिरवायची आणि खिशाशी आली की हात मागे घ्यायची.

आता एक गोष्ट सांगतो, ती मी कुणाला सांगितलेली नाही. मला सांगायला तोंड तरी कुठे आहे! शेजारी कुजबुजत, ते अगदीच खोटं नव्हतं. माझ्या उजव्या, रिकाम्या खिशात हात असायचा. त्या बर्फासारख्या खोलीत माझी लोकर कडक व्हायची, बटणं गारठायची, आणि उजव्या खिशात मात्र बोटं दुमडून घेतलेला एक हात, ऊब धरून. कधी तो किंचित हलायचा. ओळखीचाच हात तो, मला भीती वाटत नसे. रेखा समोर कुडकुडत असायची आणि मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अगं, हात घाल, एकदा हात घाल! पण कोटाचं कोण ऐकतं?

गेल्या आठवड्यात गुलबानू आल्या. बरोबर अफशा होती. दोघी थेट त्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या.

"रेखा, मी कोट मागायला नाय आलेय गो," गुलबानू म्हणाल्या. "पोरीला इटलीला अ‍ॅडमिशन मिळाली. त्याच गावात. तुला सांगितल्याबिगर कशी धाडू?"

रेखा पलंगावरून उठली नाही. "भाभी, नका हो पाठवू. तिकडे नका पाठवू पोरीला."

"इन्शाल्ला जाईल, शिकेल, परत येईल. भीती मलापण वाटते. पण रात्रंदिस हिला कवटाळून बसू काय?"

अफशाने पातळ कुर्ता घातला होता. ती दोन्ही हात काखेत घालून उभी होती, आणि तिचे दात वाजायला लागले. तो आवाज रेखाने ऐकला. मित्रांनो, आई ही आईच असते. इतके दिवस मला कुणाला शिवू न देणारी रेखा झटकन उठली, मला हँगरवरून काढलं आणि अफशाच्या खांद्यावर घातलं. "गारठलीस की गं पोरी," म्हणाली. आपण काय केलं हे तिला बटण लावताना कळलं असावं, कारण तिची बोटं त्या वेड्यावाकड्या टाक्यापाशी थांबली.

आणि अफशाने, कोट घातल्यावर कुणीही करतं तसं, खिशात हात घातला. डाव्या.

"नको!" रेखा ओरडली. पण बी अफशाच्या तळहातावर आली होती. सुकून लहान झालेली, चकाकी गेलेली.

रेखाने वाकून पाहिलं. "सागरगोटा? इटलीत सागरगोटा कुठून आला?"

"नाही आंटी," अफशाला रडू आवरेना. तिचं मराठी तसंही अडखळतं. "हे ना, तिथल्या एका ग्रॅनीने दिलेलं. पॉकेटमध्ये ठेवलं की थंडी नाही लागत. टू होते. अंतराने मला व्हॉइस नोट पाठवली होती. लेफ्टवाला माझा, राइटवाला तिचा. तुम्हाला सांगायचं नव्हतं, सरप्राइज होतं."

"उजव्या खिशात बघ."

अफशाने हात घातला, आणि तिचा चेहरा बदलला. "नाहीये, आंटी. रिकामा आहे. पण..."

"पण काय?"

"आत गरम आहे."

रेखाने अफशाचा हात बाजूला केला आणि स्वतःचा आत घातला. तिचा हात थंडगार होता, आजारी माणसासारखा. तो माझ्या खिशाच्या तळाशी गेला आणि तिथे थांबला. मी तुम्हाला एवढंच सांगतो की तिथे तो एकटा नव्हता. रेखाने डोळे मिटले. ती हळूच म्हणाली, "तिने तिची बरोबर नेली होती. म्हणजे थंडी नाही वाजली तिला."

मग तिने रिमोट उचलला आणि एसी बंद केला. मधु दारात येऊन उभा होता, त्याने खिडकी उघडली. मस्कतची गरम हवा एकदम आत आली. काचेवरचं पाणी बघता बघता सुकलं, आणि रेखा गुलबानूच्या खांद्यावर डोकं ठेवून पहिल्यांदा मोकळेपणी रडली.

काल मला लोबानाची धुरी मिळाली. या वेळी निखारे रेखाने फुंकले. डावी बी तिने स्वतःच्या हाताने परत ठेवली आणि अफशाला बजावलं, "रोज फोन करीन. पहिला प्रश्न काय असणार, माहितीये ना?" उजव्या खिशात तिने काहीच ठेवलं नाही. तो आता मोकळा आहे. कालपासून तिथे हात नाही. मला थोडं ओकंओकं वाटतं, पण तक्रार नाही.

मित्रांनो, मला पुन्हा धुक्यात जायचं आहे. या पोरीला मी एकदाही मला खुंटीवर सोडून एकटं जाऊ देणार नाही, असं म्हणावंसं वाटतं, पण कोटाला पाय नसतात. आम्हाला आठवणीने सोबत न्यायचं काम तुमचं. म्हणून जाता जाता एकच मागणं. कुणाची वस्तू परत कराल तेव्हा रिकामी करू नका. आणि तुमची वस्तू तुमच्याकडे परत येईल, तेव्हा तिच्या खिशात हात घालायला घाबरू नका. आमच्या रेखाने फार दिवस लावले. इतके दिवस ती ऊब तिच्यापासून हातभर अंतरावर होती.