आपोआप जुळणारी कडी

पुण्यात पीएच.डी. करताना देवश्री आणि रुचिर एकाच टेबलाशी बसायचे. मग रुचिर जर्मनीतल्या प्रयोगशाळेत गेला. देवश्रीही जाणारच होती, पण तिच्या आईला, माईला, अर्धांगवायू झाला आणि देवश्री उज्जैनला, फ्रीगंजच्या घरी परतली. त्याला चार वर्षं झाली.

काम मात्र दोघांचं एकच राहिलं. धुळीच्या कणाएवढ्या चुंबकी गोळ्या पाण्यात सोडायच्या आणि कुणी हात न लावता त्यांनी एकमेकींना धरून गोल कडी करायची. गोळी कशी असावी ते देवश्री कॉम्प्युटरवर गणित मांडून ठरवायची. रुचिर तशी गोळी खरी बनवायचा.

"फिर वही! कड्यांऐवजी साखळ्याच होताहेत," मार्चमध्ये तो फोनवर वैतागून म्हणाला.

देवश्रीनं तीन आठवडे नुसते आकडे बदलून पाहिले. माईला भरवताना, तिचा हात चोळताना डोक्यात गोळ्याच. शेवटी तिनं लिहिलं, 'गोळीतला चुंबक मधोमध नको. जरा कडेला सरकव.'

जूनमध्ये दुपारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा न दाखवता त्यानं कॅमेरा सूक्ष्मदर्शकाला लावला. काळे ठिपके भरकटत होते. दोन जुळले, मग तिसरा, आणि बघता बघता सहा ठिपक्यांचं कडं पुरं झालं. शेजारी दुसरं. देवश्रीनं नकळत पडद्यावर बोट ठेवलं. बोटाला लागली ती फक्त गरम काच.

"तू इथे असायला हवी होतीस," रुचिर म्हणाला. "प्रयोगशाळेत एक जागा निघालीय. सरांना तुझंच नाव सांगितलंय. ये ना."

पलंगावरून माई म्हणाली, "जा गं. मेरी चिंता मत कर. बाई ठेवू." बोलता बोलता तिनं पाण्याचा पेला उचलायला हात पुढे केला. तो पेल्यापर्यंत पोचलाच नाही.

देवश्रीनं उठून पेला तिच्या ओठांना लावला. मग फोनशी परतली.

"पुढच्या वर्षी बघू, रुचिर."

"मागच्या वर्षीही हेच म्हणालीस."

तिकडे कुणीतरी त्याला हाक मारली. "आलोच," म्हणून तो गेला, कॅमेरा तसाच सोडून.

पाण्यात आणखी कडी जुळत राहिली. तो परतायची वाट पाहत ती एकेक मोजत बसली. सतराव्या कड्याला नेट गेलं.