भोंगा

"कळ सहन होईनाशी झाली की हाक मारा. त्याआधी नको." दाखल करून घेतानाच सिस्टरनं बजावलं होतं. आवाज चढवायचा नाही हा माझा रोजचा नेम, आणि कळा नामस्मरणावर सहन होत होत्या. तिथंच माझं चुकलं.

डॉक्टरबाई आल्या त्या फोनवर बोलतच. नव्या घराच्या पडद्यांचा रंग ठरत होता. माझ्या तोंडाकडे ओझरतं पाहून म्हणाल्या, "हिला वेळ आहे अजून. बघा ना, कशी गोगलगायीसारखी पडलीय." इतकी वर्षं शिकून बाई पोट सोडून चेहरा तपासायला शिकल्या होत्या. देव करो आणि त्यांचे पडदे उन्हानं विटू नयेत.

शेजारच्या खाटेवरची सकाळीच मोकळी झाली होती. तिचं बाळ जन्मल्यावर रडलं नाही, म्हणून काचेच्या खोलीत नेलेलं. दिसेल त्याला ती विचारायची, "माझं बाळ कसंय हो?" सिस्टर म्हणायची, डॉक्टर सांगतील. डॉक्टर म्हणायच्या, सिस्टर सांगेल. तिला वॉर्डात सगळे भोंगा म्हणत, बाळंत होताना ओरडली म्हणून. लादी पुसणारी मावशी तिला म्हणाली, "नवऱ्यापाशी नाही गं ओरडलीस!" यावर सिस्टर तोंडाला रुमाल लावून हसली. रुमाल मात्र स्वच्छ होता.

दुपारी एकाएकी खाली जोर आला. मी हाक मारली, माझ्या परीनं. "सिस्टर, जरा येता का?"

"आले हं." पाठोपाठ बिस्किटाचा पुडा फाडल्याचा आवाज आला.

शेजारणीनं मान वळवली. "काय गं, आलं का?"

मी नुसती मान हलवली. ती ओल्या टाक्यांनिशी खाटेवरून उतरली, माझं पांघरूण वर केलं आणि असा काही सूर लावला की खिडकीची तावदानं थरथरली. "अगं ए! डोकं दिसतंय इथं! चरताय काय बसून?"

मग आल्या सगळ्या धावत. माझी लेक सिस्टरच्या हातात पडली, अगदी पडलीच म्हणायची. सिस्टर माझ्यावरच खेकसली, "तोंड नाही का तुला? सांगता येत नाही?" डॉक्टरबाई उशिरा उगवल्या आणि दाराशी उभ्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "आम्ही वेळेवर होतो म्हणून बरं." त्यानं भाबडेपणानं हात जोडले. मी जोडले नाहीत. माझ्या हातात लेक होती, निमित्त आयतंच मिळालं.

संध्याकाळी शेजारीण भिंतीकडे तोंड करून पडली होती. घसा पार बसलेला.

"तुझी रडली ना गं लगेच?"

"हो."

"माझ्याचं कोणी काही सांगतच नाही."

मी सिस्टरला विचारलं. म्हणाली, "तिकडे जायची परवानगी नाही. डॉक्टर सांगतील." डॉक्टरबाई केव्हाच घरी गेल्या होत्या.

"मी बघून येते," मी शेजारणीला म्हटलं. "जे असेल ते सांगेन. लपवणार नाही."

"ताजे टाके आहेत तुझे."

"तुझे काय शिळे होते?"

ती हसली की रडली, कळलं नाही. नुसते खांदे हलले.

भेटीच्या वेळेत नवरा आला, तशी लेक त्याच्या हातात दिली. "कुठं निघालीस?" तो घाबरून म्हणाला. "डोक्याखाली हात धर," एवढंच सांगितलं. सिस्टर पाठमोरी होती. मी चपला हातात घेतल्या आणि भिंतीच्या आधारानं काचेच्या खोलीकडे चालू लागले.