त्याच कोपऱ्यात तडकणारी काच

मित्रांनो, तुम्ही खिडकीतून बाहेर बघता. खिडकीकडे मात्र काच तडकल्याशिवाय कोणी बघत नाही. म्हणून आज मीच बोलते. मी एक जुनी पोलादी खिडकी आहे. कॅनडातल्या हॅमिल्टन गावात, पोलादाच्या कारखान्यामागच्या गल्लीत, एका विटांच्या घराच्या स्वयंपाकघरात मी राहते.

माझा जन्मही याच गावचा. तापलेल्या सळ्या दाबून माझी चौकट घडली, कोपरे जोडले गेले आणि जवसाच्या तेलात मळलेल्या लांबीने, म्हणजे पुट्टीने, खाचेत काच बसली. मी दारासारखी बाहेर उघडते. समोर चिंचोळा बोळ आणि बोळापलीकडे शेजारच्या इर्माची खिडकी. दोघी उघडल्या की हातातली बशी या घरातून त्या घरात जाते.

ओंद्रेय आणि बोझेना लग्न करून या घरात आले तेव्हापासून मी त्यांना ओळखते, म्हणून एकेरीत बोलते. माणसं स्लोव्हाक. ओंद्रेय भट्टीवर कामाला. बोझेना माझ्यापाशी उभी राहून पिठाच्या पारीत बटाटा आणि चीज भरून पिरोही करायची. पलीकडून इर्मा विचारायची, "आज मीठ घातलंस की कालच्यासारखं देवावर सोडलंस?" बोझेना म्हणायची, "तुझी जीभच खारट आहे, तुला वेगळं मीठ कशाला?" आणि पहिली बशी तिलाच द्यायची. माझ्या कडीवर त्या दोघींच्या हातांचं तेल सतत लागलेलं असे. ते माझे भरभराटीचे दिवस.

ओंद्रेयचा माझ्यावर फार जीव. बर्फ वितळलं की दरवर्षी तो मला रंगाचा एक हात द्यायचा. कधी हिरवा, कधी मलईसारखा, कधी निळा. बोझेना म्हणायची, "अहो, आधी जुना खरवडा तरी." त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं असे. "पोलाद मी बनवतो, आणि मला शिकवतेस तू? भट्टीवाल्याच्या घरचं पोलाद गंजत नसतं." गल्लीतले सगळेच कामगार असं म्हणायचे आणि सगळ्यांच्याच खिडक्या रंगाखाली गुपचूप गंजायच्या. मला बोलता आलं असतं तर मी ओरडले असते.

कारण माझी काच तडकायची. नेहमी डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात. ओंद्रेय एकदा थंडीला दोष द्यायचा, एकदा काचेवर आपटलेल्या चिमणीला. एकदा धाकटा मुलगा पावेल हॉकी खेळून नुकताच घरात शिरला होता आणि त्याच वेळी 'टक्' असा आवाज झाला. झालं! सगळा दोष पावेलवर. त्याच्या हॉकीच्या बुटांची जोडी शिक्षा म्हणून कपाटात गेली आणि गल्लीतलं बर्फ वितळेपर्यंत बाहेर आली नाही. "मी नाही फोडली," असं तो रडून सांगत होता. मला ठाऊक होतं. नवी काच बसली, नवा रंग चढला आणि गंज होता तिथेच राहिला.

शेवटच्या वर्षी ओंद्रेयचा हात थरथरत होता. तरी त्याने मला रंगवलंच. रंग फटीत उतरला, वाळला आणि मी चिकटून बंद झाले. मग दोघी म्हाताऱ्या काचेआडून एकमेकींना नुसत्या हात हलवू लागल्या. बोझेनाच्या गुडघ्यांना पायऱ्या उतरवत नव्हत्या, इर्माला चढवत नव्हत्या. त्या हिवाळ्यात ओंद्रेय गेला. शोक करायलाही त्या दोघींना खिडकी उघडी मिळाली नाही.

पुढच्या शरदात काच पुन्हा तडकली. पावेलने आईला न विचारता प्लास्टिकची नवी खिडकी सांगून ठेवली. ती वर सरकवून उघडायची. बोझेनाचे खांदे असे, की तिला डोक्यावरची फळीसुद्धा गाठवत नव्हती. तिने ते कोणालाच सांगितलं नाही. थोरली व्हिएरा मात्र आईकडे राहायला आली होती, तिच्या ते लक्षात आलं.

"पावेल, नवी खिडकी बसवणारी माणसं यायच्या आत मी हीच दुरुस्त करून बघते," ती म्हणाली.

"ताई, भंगाराला औषधपाणी करून काय होणार? बाबांनी काच किती वेळा बदलली!"

"काच बदलली. बाकी काय बदललं?"

पावेल हसला. "बरं बाई. उघडली आणि नीट मिटली, तर त्या माणसांना नको म्हणून सांगतो. नाहीतर जायची ही भंगारात."

मित्रांनो, माझा जीव टांगणीला लागला.

व्हिएराने तोंडाला फडकं नव्हे, चांगला मास्क बांधला, कारण जुन्या रंगात शिसं असतं. हातमोजे घातले, काचेवर चिकटपट्ट्या लावून तुकडे अलगद काढले. फटीतून पातं फिरवलं, लाकडी ठोकळ्याने हळूहळू ठोकलं. मी करकरले आणि सुटले. मग रंग ओला करून ती खरवडू लागली. निळा गेला, मलई आली. मलई गेली, हिरवा आला. कोपऱ्यापाशी तिचा हात थांबला. रंगात ब्रशचा एक केस अडकलेला होता, ओंद्रेयच्या ब्रशचा. ती कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

बोझेना मागून म्हणाली, "खरवड गं. केस ठेवशील तर काच जाईल."

व्हिएराने खरवडलं. खाली गंजाच्या पापुद्र्यांचा डोंगर होता. पटाशी लावताच तो थरांनी सुटला.

"पावेल, इकडे ये. हा गंज फुगतो आणि काचेला खालून रेटतो. म्हणून त्याच कोपऱ्यात तडकते."

पावेल वाकून बघत राहिला. "म्हणजे... माझे बूट?"

"तुझा काही दोष नव्हता."

"आई! मी सगळा हिवाळा खिडकीत बसून काढला! ह्याच खिडकीत!"

"आता बाबांच्या वतीने मी माफी मागू का?" बोझेना म्हणाली.

"माफी नको. त्यांच्या वाटणीच्या पिरोही दे," पावेल म्हणाला आणि हसता हसता डोळे पुसू लागला. मग बाही सरसावून त्याने तारेचा ब्रश उचलला.

लोखंड उजळेपर्यंत दोघांनी मला घासलं. गंज रोखणारं रेड ऑक्साईड लावून वाळू दिलं. काच खाचेपेक्षा किंचित लहान कापून आणली, म्हणजे थंडीत मी आकसले तरी तिला चिमटा बसू नये. लांबीच्या गादीवर ती बसवली, वरून पुन्हा लांबी दिली आणि सायीसारखी कातडी धरेपर्यंत वाट पाहिली. लांबी सुकायला वेळ लागणार, म्हणून पावेलने फोन करून त्या माणसांना यायलाच नको सांगितलं. उघडते-मिटते का, हे बघायला तो थांबलाही नाही. शेवटचा रंग पातळ होता. त्याची कड काचेवर जराशी चढवली, म्हणजे पाणी आत शिरत नाही. बिजागऱ्यांना तेल मिळालं.

रंग वाळल्यावर बोझेनाने एका बोटाने मला ढकललं. मी आवाज न करता उघडले.

समोरची खिडकी केव्हाच उघडी होती. इर्माने बोळावरून हात लांब केला आणि बोझेनाचा हात धरला. दोघी तशाच उभ्या राहिल्या, ओट्यावरचा चहा गार होईपर्यंत.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. जुन्या वस्तूवर माया असेल, तर रंगाचा डबा उघडण्याआधी खरवडणी हातात घ्या. खालचं दिसेल, ते बघवणार नाही कदाचित. पण तिथूनच बरं होतं.