बसलेल्या बैलाचं गाणं

बेबीचं लग्न १९७८च्या उन्हाळ्यात बपेऱ्याला झालं. वऱ्हाड एकोडीहून आलं होतं. लग्न लागल्यावर वऱ्हाडाची पंगत बसली आणि नवरीकडच्या बायका मांडवाच्या कडेला गोळा झाल्या. व्याही जेवत असताना गाण्यातून त्यांची टर उडवायची, ही इकडची पद्धत. गाणं दोन ओळींचं असतं. एक बाई ते सांगते आणि बाकीच्या दुसरी ओळ दोनदा म्हणतात. तेवढ्या वेळात पहिलीने पुढचं जुळवायचं.

नवरीची आत्या शकुनबाई सांगत होती.

“व्याह्याचं पोट बाई धानाचा ढोला,
तलावभर वरण पिऊन घसा नाही ओला!”

पोटाला धानाच्या कणगीची उपमा ऐकून वऱ्हाडी खो-खो हसले. नवऱ्याचे वडील टिकाराम स्वतःही हसले आणि त्यांनी वरण मागून घेतलं.

नवरीची धाकटी बहीण चंद्रकांता भंडाऱ्याला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन आली होती. तिला हे पटेना.

“आत्या, ते तं काडीसारखे वाळले हायेत. ढोला कुठं दिसला तुले?”

“काडी जेवते का वो माय? तूही खोटंच बोलून राहिली,” शकुनबाई म्हणाली. “लय शिकली ना? मंग तूच सांग एखादं.”

चंद्रकांताला अतिशयोक्तीची व्याख्या पाठ होती. मॅट्रिकला त्यावर पूर्ण गुण मिळाले होते. पण टीका करायची तर ती खरी असावी, असं तिचं मत होतं. टिकारामांच्या बैलजोडीचं शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत काय झालं, ते तिने सकाळीच एका वऱ्हाड्याकडून ऐकलं होतं. तिने सूर धरला.

“व्याह्यानं जुपली पटाले जोडी,
अर्ध्यात बैल बसला, हसली एकोडी!”

टिकारामांचा घास हातातच राहिला. बायकांनी सवयीने दुसरी ओळ उचलली. अर्ध्यात बैल बसला, हसली एकोडी. आणि पुन्हा एकदा. ओळ दोनदा म्हणायचीच असते. मध्ये थांबायची सोय त्या गाण्यात नाही.

टिकारामांनी घास पत्रावळीवर ठेवला.

“बसला, खरं हाय,” ते म्हणाले. “आजारी होता तो. पण हे लग्नात सांगाची गोष्ट होय का?”

व्याही अर्ध्या जेवणावरून उठले, तर बेबीला सासरी जन्मभर ते ऐकावं लागणार होतं. तिची आई गिरजाबाई बुंदीची परात घेऊन जागच्या जागी उभी राहिली. मग चंद्रकांताच्या कानाशी येऊन म्हणाली, “आता बोल काहीतरी. नाही तं पाय धर त्यायचे.”

पाय धरले असते तर गोष्ट आणखी खरी ठरली असती. चंद्रकांताने पत्रावळीकडे पाहिलं. तलावभर वरण कोणी पीत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून ते पिणारा टिकाराम गाण्यातला होता, पंगतीतला नव्हता. तिच्या ओळींतला मात्र पंगतीतच बसला होता. त्याला तिथून उचलून दूर न्यायला हवं होतं. तिने उभ्याउभ्याच ओळ सुरू केली, दुसरी काय असेल हे ठाऊक नसताना.

“बैलाले उठवाले धरली शेपटी,”

शेपटी. कपटी? तो शब्द चालणार नव्हता. शकुनबाईने टाळ्यांचा ठेका धरून तिला थोडा वेळ मिळवून दिला.

“व्याही उडाले बालाघाटी, टेकडी झाली चपटी!”

आधी नवरदेवाच्या एका काकांना हसू फुटलं. बायकांनी ओळ दोनदा म्हटली तोवर अख्खी पंगत हसत होती. तेवढा वाळका माणूस आणि सपाट झालेली टेकडी!

टिकाराम हसले नाहीत. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि चंद्रकांताकडे रोखून पाहिलं.

“पोरी, काहून खोटं सांगतं?” ते म्हणाले. “एक नाही, दोन टेकड्या झाल्या. दुसरीवरून घरंगळत आलो, म्हणून तं वरातीले उशीर झाला.”

मग त्यांनी ठेवलेला घास उचलला. गिरजाबाईने परात पुढे आणली, तर ते बुंदीला नाही म्हणाले. आधी भात वाढ म्हणाले.


“आन तू थांबू नको,” त्यांनी चंद्रकांताला बजावलं. “माह्या भावावर गाणं राहिलं अजून.”