डोळे मिटलेला फोटो

“काका, मेलेल्या माणसाचा फोटो काढताना त्याला हसायला सांगता का?”

हा प्रश्न विचारून दाखवच, असं मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं. स्टुडिओच्या काचेबाहेर तिघी तोंड दाबून उभ्या होत्या आणि ही आत, काउंटरला ऐटीत टेकून. शाळेच्या स्पर्धेत तिच्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं होतं, तेव्हापासून स्वारीचे पाय जमिनीला लागत नव्हते.

फोटोवाले काका चिडले नाहीत. पासपोर्ट फोटो कापता कापता म्हणाले, की त्या लोकांना काही सांगावंच लागत नाही, अजिबात हलत नाहीत बिचारे. मग कात्री खाली ठेवून खरं ते सांगितलं. ज्या घरात माणसाचा एकही धड फोटो नसतो, ते बोलावतात. अशा वेळी फ्लॅश मारायचा नाही, खिडकी उघडायची. वरून काढायचा नाही, गुडघे टेकून चेहऱ्याच्या पातळीवर यायचं. आणि घरच्यांनी बघितल्याशिवाय तो कुणाला दाखवायचा नाही.

“माणूस जिवंत असेल तर आधी त्यालाच दाखवायचा. तू काय काढतेस, बघू.”

ती याचीच तर वाट बघत होती. दुपारी क्लासला निघताना सोशल मीडियावर टाकलेला फोटो तिने फोनवर उघडून पुढे केला. झोपलेले आजोबा, खिडकीतून गालावर आलेला उजेड, सगळं काळंपांढरं.

काकांनी चष्मा वर केला. “कधी गेले?”

“गेले? घरी आहेत की. अंथरुणावर.”

“खाली काय लिहिलंस?”

“काहीच नाही. फोटो आपणच बोलला पाहिजे ना.”

“बोललाय तो,” काका म्हणाले आणि फोन तिच्याकडे वळवला.

फोटोखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. कुणीकुणी आत्म्याला शांतीही देऊन टाकली होती. वर आईचे अकरा मिस्ड कॉल. क्लाससाठी गप्प केलेला फोन तसाच राहिला होता.

घरी पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. आत्याआजीला, म्हणजे आजोबांच्या धाकट्या बहिणीला, शेजारणीने तो फोटो दाखवला होता. भाऊ गेला म्हणून ती अनवाणीच जिन्याकडे धावली आणि वरच्या पायरीवरून थेट खाली आली. खुब्याचं हाड मोडलं. या वयात पुन्हा उभी राहील, असं डॉक्टर म्हणत नव्हते.

बाबांनी मात्र सारवासारव करून टाकली होती. पोरीचा फोन कुणीतरी हॅक केला, असं साऱ्या नातेवाइकांना कळवलं होतं. तू आता तोंड उघडू नकोस, आईने बजावलं.

आतल्या खोलीत आजोबा जागे होते.

“माझा फोटो सगळ्यांनी पाहिला म्हणे,” ते म्हणाले. “मी सोडून.”

तिने दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला.

“तोंड उघडं आहे माझं.” मग भिंतीकडे बघत म्हणाले, “तुझी आत्याआजी दवाखान्यात जेवत नाहीये. मी फोनवर बोललो तर म्हणते, कुणीतरी नक्कल करतंय. फोनमधलं सगळं खोटं, हे तुझ्या बापानेच सांगितलंय ना तिला.”

सकाळी उजेड आल्यावर तिने खिडकी उघडली आणि गुडघे टेकले. आजोबांनी केस विंचरून घेतले, कवळी लावून घेतली, आजचं वर्तमानपत्र छातीशी धरलं. तीन फोटो त्यांनी नापास केले. चौथ्याला म्हणाले, “हा. यात मी आहे.”

काकांनी तो कागदावर काढून दिला. मागच्या बाजूला आजोबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: मी आहे. जेवून घे.

आई-बाबा चहा घेत होते. तिने फोटो दोघांच्या मधोमध ठेवला.

“मी दवाखान्यात निघालेय. हा आत्याआजीच्या हातात देणार आणि फोन कुणीही हॅक केला नव्हता, तो फोटो मीच टाकला, हेही सांगणार. तुम्ही आलात तरी, नाही आलात तरी.”