झऱ्याच्या वाटेवरची गाठ

झऱ्याच्या रानात शिरणाऱ्या वाटेवर पाटी लागली, त्या दिवसापासून ग्वानीचं डोकं ठिकाणावर नव्हतं. पाटी हिरवीगार, आणि वर ओळीने तीन गोल शिक्के. अक्षरं तिने सोडून दिली, शिक्के मात्र नीट निरखले. एक वनखात्याचा, एक शहराच्या पाणी कचेरीचा आणि तिसरा चक्क आपल्याच दाओगान गावाच्या पंचायतीचा. या तिघांचं आजवर कधी जमलं नव्हतं. वनखात्याने रोपं लावावीत, पाणीवाल्यांनी नेमकं तिथेच खणावं आणि पंचायतीने दोघांच्या नावाने बोटं मोडावीत, असा नेम होता. आणि आता तिघे एका पाटीवर मांडीला मांडी लावून बसले? तोंडातली सुपारी थुंकून ग्वानी स्वतःशीच म्हणाली, “हे माझ्या पाण्यासाठी आलेत.”

कारण सांगायला गोड होतं. खालच्या मैदानातून सहलीला येणारी पोरंपोरी झऱ्याच्या डोहात उतरून अंघोळी करायची. शाम्पूच्या पुड्या तिथेच टाकायची. शहरात नळाला फेस यायला लागला, तसा तिन्ही कचेऱ्यांनी करार केला. वनखात्याने कुंपण घालून राखण करायची, पाणीवाल्यांनी झऱ्यावर सिमेंटचा हौद बांधायचा, आत घुसणाऱ्याला पंचायतीने दंड करायचा. हौदाला दोन तोंडं. एक शहराकडे, एक गावाच्या पाटाकडे. आणि तिघांची परवानगी असल्याशिवाय वर कोणी पाऊल टाकायचं नाही, गावकऱ्यानेही नाही.

गावकऱ्यानेही नाही! ते रान ग्वानीच्या घराण्याने राखलेलं. तिच्या आज्याने तिथल्या फांदीला हात लावणाऱ्यांचे हात पिरगाळले होते. आणि पाटावरचं पहिलं खाचर ग्वानीचं. दाओगानात लावणीचा मान तिचा होता. तिने पहिलं रोप चिखलात खोवल्याशिवाय डोंगरउतारावर दुसरी बाई वाकत नसे. त्यासाठी तिचा तरवा, म्हणजे भाताची रोपं, आधी उगवायला हवा, हिरवा राहायला हवा. यंदा तो पेरून झाला होता, बोटभर वर आला होता, आणि तेवढ्यात पाटाचं पाणी बारीक व्हायला लागलं.

ती गावच्या कप्तानाकडे गेली. कप्तान म्हणजे पंचायतीचा मुख्य, दाल्मासिओ. लहानपणी याचं नाक तिने स्वतःच्या हाताने पुसलेलं.

“कप्तान, माझा पाट आटला.”

“थंडीचे दिवस आहेत, इना. पाणी कमी होतंच.” गावात सगळेच तिला इना म्हणत, म्हणजे आई.

“माझा सासरा थंडीत मेला, नवरा थंडीत मेला. पाट कधी मेला नव्हता.”

“वर काहीतरी अडकलं असेल. माणूस पाठवायचा तर पाणीवाल्यांनी मागायचं, वनखात्याने मंजूर करायचं, मग मी शिक्का मारायचा.”

“मग मार की.”

“त्यांचं आल्याशिवाय कशावर मारू? हवेत?”

“हौद बांधताना बरे तिघे एका दिवसात सापडलात एकमेकांना!”

कप्तानाने कान खाजवला. ग्वानीने ते बघून ठेवलं. खोटं बोलताना हा लहानपणीही कान खाजवायचा.

संध्याकाळी किल्लिप आला. तिच्या वारलेल्या भावाचा मुलगा, शहराच्या पाणी कचेरीत पाइप जोडण्याच्या कामावर. निळा शर्ट घालूनच चुलीपाशी बसला. ग्वानीच्या सुनेने, सेल्माने, कॉफी दिली.

“आत्या, कॉफी अगोड झालीय.”

“साखर शहरात गेली. पाण्याच्या मागोमाग.”

“अगं, पाणी कोणी चोरत नाहीये. शहरातही कमीच येतंय.”

“असं तू म्हणतोस.”

“मी म्हणतो म्हणजे? तुझ्या भावाचा मुलगा ना मी?”

“होतास. आता निळ्या शर्टाचा मुलगा आहेस.”

किल्लिप हसला. ग्वानी हसली नाही. तो म्हणाला, “मंजुरी येऊ दे. पाइप, सिमेंट घेऊन आम्ही वर जातो.”

“पाइप कशाला?”

“दुरुस्तीला लागतो.”

“पाणी न्यायलाही लागतो,” ग्वानी म्हणाली, आणि त्याच्या हातातला कप काढून घेतला. अजून घोटभर होती त्यात.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिने बोरूची एक उंच काडी तोडली, तिची पानं वळवून गाठ मारली आणि पाटीच्या बरोबर समोर वाटेत रोवली. याला पुदोंग म्हणतात. घरात, शेतात, रानात कुठे पूर्वजांचं काही चाललं असेल तर वाटेवर ही गाठ लागते, आणि ती दिसली की माणूस आल्या पावली मागे फिरतो. पाहुणा असो, पोलीस असो, पोटचा पोर असो. ओलांडली तर विधी मोडला. मग ओलांडणाऱ्याने डुक्कर द्यायचं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. ज्याने बांधली त्यानेच सोडायची, तीही कोंबडं कापून घरोघर वाटा पोचल्यावर. या गाठीला शिक्का लागत नाही आणि अक्षरही लागत नाही.

फक्त विधी लागतो. तो ग्वानीकडे नव्हता.

“तुझ्या सासऱ्याचं करायचंय वर,” तिने सेल्माला सांगितलं.

“आत्ता? मग कोंबडा धरून ठेवू?”

“मी सांगेन तेव्हा.”

सेल्माने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. पण त्या घरात सुना फार विचारत नसत.

ग्वानीचा हिशेब सरळ होता. आपलं माणूस गाठ ओलांडणार नाही. ओलांडेल तो चोर. म्हणून गाठीपलीकडचा चिखल तिने हाताने सारवल्यासारखा गुळगुळीत केला. रोज सकाळी जाऊन ती तो चिखल बघायची. कोंबडीची नखं उमटलेली दिसली, एकदा रानमांजराचा पंजा दिसला. माणसाचं पाऊल नाही. आणि पाण्याची तर धारच तुटली. म्हणजे मागून येत असणार! ती ओढ्याच्या अंगाने धापा टाकत चढली आणि तिथेही एक गाठ रोवून आली. त्यानंतर पाट पार कोरडा पडला.

तरव्याचे शेंडे पिवळे झाले. वाफ्याला बारीक भेगा पडल्या. घरच्या नळाची करंगळीएवढी धार बादलीत धरून सासू-सुना ओतत राहिल्या, आणि जमीन ते पाणी असं पिऊन टाकायची की ओतलं होतं की नाही अशी शंका यावी.

एक दिवस डोमाय बांधावर येऊन उभी राहिली. ग्वानीच्या खालचं खाचर तिचं. वाफा सोडून ती कडेच्या गवतात, दगडांच्या फटीत काहीतरी शोधत होती.

“काय हरवलं गं?”

“काही नाही. तुझ्याकडे पाणी किती आहे ते बघतेय.”

“डोळे फुटले का? दिसत नाही?”

“दिसतं ते दिसतंच, ग्वानी. न दिसणाऱ्याचं विचारते.”

एवढं बोलून डोमाय निघून गेली. ग्वानीला वाटलं, हिलाही त्यांनी फोडली. कचेरीवाले उतरतात त्या लॉजमध्ये हिची पोरगी कपडे धुते, तिथून गोडीगुलाबी झाली असणार.

दुपारी ती चिखल बघायला वर गेली, तर गाठीच्या अलीकडे, पाइनच्या सावलीत, मंडळी बसलेली. किल्लिप, त्याचे दोन सोबती, कप्तान, आणि वनखात्याची रोवेना. ही मैदानातली पोर, पायात गुडघ्यापर्यंत बूट. शेजारी पाइपचे तुकडे, कुदळ, सिमेंटची गोणी. सगळे उकडलेली रताळी खात होते.

“सापडलात!” ग्वानी म्हणाली.

“ये आत्या, बस. रताळं खा.”

“मंजुरी मिळाली वाटतं तिघांची?”

“मिळून शिळी झाली,” कप्तान म्हणाला. “कालही येऊन बसून गेलो. त्याच्या आदल्या दिवशीही.”

“मग वर का नाही गेलात?”

किल्लिपने तिच्याकडे असं पाहिलं जसं तिनेच काहीतरी वेड्यासारखं विचारलं. “गाठ आहे ना, आत्या.”

रोवेना तोंडातलं रताळं गिळत म्हणाली, “मी म्हटलं यांना, गवताची काडी आहे, टाका ओलांडून. तर दोघांनी माझे दंड धरले!”

“डुक्कर कोण देणार होतं? तुझं खातं?” किल्लिप म्हणाला.

ग्वानीला हसू आलं नाही.  चोर यावा म्हणून तिने सापळा लावला होता, आणि दुरुस्ती करणारे त्याच्यासमोर गुमान बसून राहिले होते. तिच्याच शिकवणीची पोरं ती. ओलांडायचं नाही हे किल्लिपला लहानपणी कान धरून कोणी शिकवलं होतं?

कप्तान उठून जवळ आला. आवाज खाली आणला. “इना, विधी कधी संपतोय? कोंबडं भाजल्याचा धूर कोणाला दिसला नाही. वाटा कोणाच्या घरी आला नाही. म्हातारे विचारतायत.”

“विचारू देत.”

“खालच्या खाचरांतले लोक वेगळंच म्हणतायत,” किल्लिप जमिनीकडे बघत म्हणाला. “म्हणतात, ग्वानीने रान बंद केलं आणि वरच्या वर पाणी स्वतःकडे वळवलं.”

म्हणजे डोमाय गवतात ते शोधत होती! ग्वानीच्या कानशिलात आग उठली. मी चोर? पाणी चोरणारी मी? तोंडाशी आलेली शिवी तिने कशीबशी गिळली.

एक वाट सोपी होती. घरी जायचं, कोंबडा कापायचा, धूर करायचा, घरोघर वाटे पाठवायचे आणि उद्या मान वर करून गाठ सोडायची. कोणाला काय कळणार होतं? पण तरव्याला उद्या नव्हता. सकाळीच तिने एक रोप उपटून पाहिलं होतं. मूळ अजून पांढरं होतं, पण दोऱ्यासारखं सुकत चाललेलं.

“विधी नाहीये,” ती म्हणाली.

“काय?”

“ऐकू येत नाही का, कप्तान? विधी नाही, कोंबडं नाही, काही नाही. ही गाठ खोटी, ओढ्याकडचीही खोटी. मी तुम्हाला चोर समजले.” तिने वाकून काडी उपटली, पानांची गाठ दातांनी सोडली आणि काडी बाजूला भिरकावली. “म्हाताऱ्यांना सांग, डुक्कर ग्वानी देणार. त्यांची डुकराची कातडी चघळून झाली की मग मला काय बोलायचं ते बोला. आता उठा! इतके दिवस बसून ढुंगणाला मूळ फुटलं असेल.”

 सगळे उठले. सारवलेल्या चिखलात पहिलं पाऊल ग्वानीचं पडलं.

वर कारण उघडंच होतं. वाऱ्याने एक मोठं पाइनचं झाड हौदावर आडवं झालेलं. गावाच्या पाटाकडचा पाइप चेचला होता, शहराकडचाही मोडला होता, आणि सगळं पाणी कोणालाच न मिळता दरीत पळत होतं. एवढं पाणी वाया जाताना पाहून ग्वानीने दोन्ही हात डोक्यावर मारले. मग ती दगडावर बसली आणि पोरं फांद्या तोडत असताना हौदाकडे बघत राहिली. माफी मागून झाली म्हणून डोळे मिटायचे असं थोडंच आहे?

पाइप जोडून होत आला तेव्हा ती म्हणाली, “किल्लिप, या हौदाला तोंडं किती?”

“दोन.”

“मग ते शेवाळाखालचं तिसरं कोणाचं?”

पाण्याच्या जरा वर, लाकडी खुंटी ठोकून बंद केलेलं एक भोक होतं. गावाच्या आणि शहराच्या तोंडापेक्षा रुंद. किल्लिप पान्याशी चाळा करायला लागला. “ते... बांधतानाच ठेवलं होतं. पुढे कधी लागलं तर.”

“कोणाला?”

“मला काय माहीत, आत्या. मला सांगितलं, ठेव. ठेवलं.”

“कप्तान?”

कप्तानाचा हात कानाकडे निघाला आणि मध्येच थांबला. “करारात दोनच आहेत, इना.”

“आणि तू गं, बूटवाली?”

रोवेनाने वाकून पाहिलं. तिचा चेहरा खरोखरच कोरा होता. “आमच्या नकाशात हे नाहीये.”

“छान. वनखात्याचं नाही, पंचायतीचं नाही, पाणीवाल्यांनाही कोणासाठी ते ठाऊक नाही.” ग्वानी उठली. “गोणीत सिमेंट उरलंय का?”

“आहे थोडं. पण आत्या, बुजवायचं तर परवानगी...”

“कोणाची? ज्याचं भोक असेल त्याची ना? विचार तिघांना, कोणाचं आहे.”

किल्लिपने कप्तानाकडे पाहिलं, कप्तानाने रोवेनाकडे. रोवेना आधी बुटाकडे बघत होती, मग तिने बाह्या सरसावल्या आणि स्वतःच वाळू कालवायला बसली. भोक बुजलं. थापीने किल्लिपने ते असं सारखं केलं की तिथे कधी काही होतं हे कळू नये.

पाटाच्या तोंडातून पाणी खळकन सुटलं. आधी गढूळ, मग स्वच्छ.

“पळ आत्या, वाफ्यावर जा. तरवा बघ.”

ग्वानीचे पाय खाली ओढत होते. पण ओलं सिमेंट काडीनेसुद्धा उकरता येतं. “हे वाळेपर्यंत इथे कोण बसणार?”

“मी बसतो,” कप्तान म्हणाला.

“तू एकटा नाही.”

“मग मी,” किल्लिप म्हणाला.

“तू तर मुळीच नाही.”

शेवटी कप्तान, किल्लिप आणि रोवेना, तिघेही बसले. एकमेकांकडे बघत, मध्ये ते ओलं ठिगळ ठेवून. तीन शिक्क्यांनी पहिल्यांदाच एकत्र काम केलं, असं मनात म्हणत ग्वानी उतार उतरायला लागली. पाणी तिच्या पुढे पळत होतं.

वाफ्याची एक बाजू गेली होती. ती पिवळी काडं आता काही उठणार नव्हती. दुसऱ्या बाजूला पाणी भेगांत शिरलं, बुडबुडे आले आणि रोपं हळूहळू ताठ झाली. लावणीला सगळं खाचर भरणार नव्हतं. पहिलं रोप खोवण्यापुरतं मात्र होतं.

डोमाय पुन्हा बांधावर आली होती. खोट्या गाठीची बातमी ग्वानीच्या आधी उतरली होती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ग्वानीने बांधाचं दार स्वतःच्या हाताने उघडून पाणी खाली सोडलं. स्वतःचा वाफा अजून अर्धा भिजायचा होता.

“बघ,” ती म्हणाली. “दगडांत हात घालून बघ. गवत उपटून बघ. माझं कमरेचं वस्त्र झाडून बघ.”

 डोमायने खरंच कमरेचं वस्त्र वर खोचलं, गुडघे टेकले आणि दगडांच्या एकेका फटीत हात घालून बघायला लागली. ग्वानी कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि तिने तिला सगळं बघू दिलं.